दुसऱ्याच्या कोपरावरचा सट्टा

बेसबॉल खेळाडूंची चित्रकार्डे जमविण्याचा अमेरिकेतील छंद शंभर वर्षांहून जुना आहे. पूर्वी ही कार्डे सिगारेटच्या व पुढे च्युइंगमच्या पाकिटांतून मिळत आणि मुले ती आपसांत बदलून घेत. त्या निरागस हौसेशी कोणाचेच भांडण नाही. परंतु आज त्याच छंदाच्या नावाखाली जो व्यवहार चालतो, तो उघड सट्टा आहे. आणि या सट्ट्याचा माल म्हणजे विशीतल्या तरुणाचा हात आहे.

स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरचे, म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाजाचे, उदाहरण बोलके आहे. मे २०१० मध्ये त्याचे एकच प्रत असलेले कार्ड लिलावात १६ हजारांहून अधिक डॉलरना विकले गेले. तोपर्यंत त्याने अव्वल साखळीत एकही चेंडू टाकला नव्हता! जूनमधील पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज बाद केले. ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला आणि सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

जो जोखीम घेतो त्याने नफा का घेऊ नये, असा प्रश्न बाजाराचे कैवारी विचारतील. पण जोखीम कोणाची? संग्राहक पन्नास नवोदितांची कार्डे घेऊन ठेवतो. एकोणपन्नास बुडाले तरी एक त्याला तारतो. त्या तरुणाला मात्र चेंडू फेकणारा हात एकच असतो. शिवाय कार्डाच्या फेरविक्रीतील वाढीव किमतीचा छदामही त्याच्या पदरी पडत नाही.

ज्यांच्या भवितव्यावर हे डाव लागतात, त्यांतील बहुसंख्य कनिष्ठ साखळीतच संपतात. २०१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या खेळाडूंना जादा कामाच्या मोबदल्याच्या संरक्षणातून वगळले. २०२३ पर्यंत सर्वांत खालच्या पायरीवरील किमान वेतन वर्षाकाठी अवघे ४,८०० डॉलर होते. ते १९,८०० वर गेले, ते बाजाराच्या औदार्याने नव्हे. २०२२ मध्ये हे खेळाडू संघटनेत आले म्हणून.

कार्डांचा इतिहासही हेच सांगतो. पोलादकामगार संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडू संघटनेचे सूत्रधार झाले, तेव्हा टॉप्स ही कार्डे छापणारी कंपनी प्रत्येक खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देत असे. मिलर यांच्या सांगण्यावरून खेळाडूंनी कंपनीला छायाचित्रे देणेच बंद केले. १९६८ मध्ये कंपनी नमली. रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीत टक्केवारीही मिळाली.

श्रमिकाच्या हाताची किंमत लिलावात कितीही चढो, त्या हाताचा हक्क लिलावात मिळत नाही. तो संघटित होऊनच घ्यावा लागतो. फेरविक्रीतील वाटा हे त्या लढ्याचे पुढचे पाऊल असले पाहिजे.