नोटेवर लांडगा आला, जंगल वाचलं का?

सोशल मीडियावर अधूनमधून काल्पनिक नोटांची डिझाइन्स फिरतात. दिसायला अगदी खऱ्या, पण कोणत्याही रिझर्व्ह बँकेने न काढलेल्या. जंगलतोडीसारख्या विषयासाठी ही कल्पना चपखल बसते. पोस्टरवरून नजर सरकते, नोट मात्र माणूस उजेडात धरून, उलटसुलट करून पाहतो.

हंगेरीतल्या एका डिझाइन विद्यार्थिनीने अशाच काल्पनिक नोटा केल्या होत्या. वर प्राण्याचं सुंदर चित्र, आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली त्याच प्राण्याचा सांगाडा! तो प्रकल्प जंगलतोडीवर नव्हता, पण युक्ती तिथेही चालेल: वर गर्द झाडी, दिव्याखाली नुसते बुंधे.

खऱ्या नोटांवर असं काही दिसत नाही. तिथे प्राणी कायम धडधाकट असतो.

ब्राझीलचंच बघा. तिथल्या 200 रिआलच्या नोटेवर मॅन्ड वुल्फ आहे, म्हणजे लांब पायांचा, तांबूस रंगाचा लांडग्यासारखा प्राणी. ही नोट सप्टेंबर 2020 मध्ये आली. त्याचं मुख्य घर म्हणजे सेराडो हा गवताळ, विरळ झाडांचा प्रदेश. सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी त्यातली जवळपास निम्मी नैसर्गिक झाडी-गवत आधीच गेलं आहे. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या एका वर्षात तिथलं सुमारे 11,000 चौरस किलोमीटर क्षेत्र साफ झालं, असं ब्राझीलच्या उपग्रह पाहणीत दिसलं. म्हणजे नागपूर जिल्ह्याहून मोठा भाग. त्याच वर्षी ॲमेझॉनमध्ये हा आकडा सुमारे 9,000 होता.

जगाची चर्चा ॲमेझॉनची, आणि जास्त तोड सेराडोत. असं का? एक मोठं कारण कायद्यात आहे. ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला 80 टक्के जमीन न तोडता राखावी लागते. सेराडोच्या बहुतांश भागात ही अट फक्त 20 टक्क्यांची. त्यामुळे इथली बरीचशी तोड कायद्यात बसवून करता येते. लांडग्याचं चित्र छापलेल्या चलनातच हा सगळा व्यवहार होतो, हे कुठल्याही डिझायनरला सुचलं नसतं.

कोस्टारिकात क्रम उलटा होता. 1996 च्या कायद्याने जंगल तोडून जमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंदी आली आणि 1997 पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार पैसे देऊ लागलं. त्यासाठी मोठा निधी इंधनावरच्या करातून येतो. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा जंगलाखाली आहे. पर्जन्यवनातला स्लॉथ, खारफुटीतलं माकड अशी चित्रं असलेल्या नोटा त्यानंतर, 2010 नंतरच्या काळात आल्या.

आपल्याकडे 1996 च्या मालिकेतल्या दहाच्या नोटेवर गेंडा, हत्ती आणि वाघ होते. 2018 च्या नव्या नोटेवर त्यांच्या जागी कोणार्कचं सूर्यमंदिर आलं. (नोटेसाठी झाडं तोडतात, हा मात्र गैरसमज. आपल्या नोटेचा कागद कापसाचा असतो.)

आणि अशी नोट स्वतः करून पाहायची असेल, तर ती भारतीय नोटेसारखी दिसणार नाही याची काळजी घ्या. खऱ्या चलनाशी फसवं साम्य असलेला कागद छापणं किंवा वाटणं हा भारतात गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.