अमानतीला भागधारक नसतो

एका शिक्षणसंस्थेवर मी सहा वर्षे विश्वस्त होतो. बैठका वर्षातून एक-दोन, त्याही चहापुरत्या. शिपाई प्रोसिडिंग बुक घरी आणायचा, मी न वाचता सही करायचो. एकदा वाचले, तर वर्गखोल्यांचे बांधकाम अध्यक्षांच्या मेहुण्याला दिल्याचा ठराव दिसला. अनुमोदक म्हणून नाव माझे! वडीलधाऱ्या चाचांना विचारायचे कसे, म्हणून गप्प बसलो. पुढे राजीनामा दिला. सवाल मात्र केला नाही.

शेअर बाजारातल्या कंपनीत असे करणे इतके सोपे नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार वर्षात किमान चार बैठका घ्याव्या लागतात. किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात आणि त्यांना सलग दोनच मुदती मिळतात, प्रत्येकी जास्तीत जास्त पाच वर्षांची. ज्याचे हितसंबंध गुंतलेत, त्याने ते आधी सांगून चर्चेतून दूर राहायचे.

म्हणून कंपन्या दुधाने धुतलेल्या आहेत असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये ‘सत्यम’च्या संचालकांनी अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. स्वतंत्र संचालकही त्यात होते. पण भागधारक खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. मंडळ झोपले, मालक जागे होते.

आमच्या संस्थांना मालकच नसतो. चंदा देणारा सवाबच्या नियतीने देतो आणि विसरतो. ज्याच्या मुलाची फी माफ झाली, तो बाप हिशेब कुठल्या तोंडाने मागणार? १९५०च्या विश्वस्त कायद्यात लेखापरीक्षण आहे, जमीन विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगीही लागते. पण आयुक्त प्रत्येक बैठकीत येऊन बसणार नाहीत.

‘आम्ही फुकट खिदमत करतो, आम्हाला कसले नियम?’ असे आपले बुजुर्ग म्हणतात. माझे म्हणणे उलट आहे. विचारणारा कोणी नाही, म्हणूनच आपले नियम कंपनीपेक्षा कडक हवेत. विश्वस्तांची मुदत ठरवा. नातेवाइकाचा विषय निघाला, की संबंधिताने उठून बाहेर जावे. वर्षाचा हिशेब सोप्या मराठीत आणि उर्दूत शाळेच्या फलकावर लावा. वर्गात मुली आहेत, तर मंडळावर त्यांच्या आयांनाही घ्या.

अमानत म्हणजे नुसता पैसा न खाणे नव्हे. दुसरा खात असताना वही मिटून सही करणे, हीसुद्धा खयानतच. ती मी केली आहे, म्हणून सांगतो.