टेनिसची फी आणि तोकडं माप



जुलैत धाकटीला टेनिसला घातलं. तीन महिन्यांचे बारा हजार आगाऊ भरले. भरताना दोनच गोष्टी विचारल्या होत्या: शिकवणार कोण, आणि सुटणार किती वाजता. आमच्याकडे मुलांनाही रात्रीचं जेवण नाही. सहाला सुटली तर घरी येऊन दिवस मावळायच्या आत तिचं जेवण होतं. "काही अडचण नाही मॅडम," असं उत्तर मिळालं.

पहिला महिना चांगला गेला. नऊ वर्षांच्या मुलांना नारिंगी ठिपक्याचा, साध्या चेंडूच्या निम्म्या वेगाचा चेंडू देतात आणि कोर्टही 18 मीटरचंच आखतात, हे तिथल्या सरांनीच मला समजावलं होतं. मग सर दिसेनासे झाले. त्यांच्या जागी कॉलेजातला एक मुलगा आला, टोपलीत मोठ्यांचे पिचलेले चेंडू आले, आणि एका कोर्टवर पंधरा मुलं. एक दिवस मी बाकावर बसून मोजलं. तासाभरात माझ्या मुलीच्या रॅकेटला बावीस चेंडू लागले.

आणि ऐन दशलक्षण पर्वात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, बॅच आता साडेसहाची. मी काउंटरवर गेले, तर तिथला मुलगा हसून म्हणाला, "एवढंच ना, नंतर जेवेल की! फी परत होत नाही." माझा आवाज चढला, हे कबूल करते.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पर्व चालू आहे गं, क्षमा धर, सोडून दे." त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही, पण हे मला पटलं नाही. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेत. त्यांतला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मापणं. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं. सर दाखवून शिकाऊ मुलगा देणं याहून वेगळं काय आहे? आमचं कापडाचं दुकान आहे. मीटरमागे चार बोटं कापड कमी गेलं, तर गिऱ्हाईक आम्हाला क्षमा करून घरी जाईल का? आणि आपण त्याला तसं जाऊ द्यावं का?

आपली एक गंमत आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी आपण भाजीवालीशी हुज्जत घालतो, पण काचेचं दार आणि एसी दिसला की मुकाट्याने पावती घेतो. त्या गप्प बसण्याला क्षमा म्हणू नये. राग सोडायचा असतो, हिशेब नाही.

मी दीड महिन्याची फी परत मागणारं पत्र दिलं, पोच घेतली. "पुढच्या महिन्यात अ‍ॅडजस्ट करू," असं उत्तर आलं. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे अर्जाची फी लागत नाही.

क्षमावाणीला मात्र त्या काउंटरवरच्या मुलाकडे गेले आणि चढ्या आवाजाबद्दल क्षमा मागितली. तो ओशाळला. "मॅडम, माझ्या हातात काही नसतं," म्हणाला. ते मलाही माहीत होतं. तक्रार मी मागे घेतलेली नाही.

धाकटी सध्या पार्किंगच्या भिंतीवर खेळते. सहाला वर येते.