डायनोचा कागद आणि कसारा घाट

उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत असते. डायनोवर आकडा मिळाला, कागद हातात आला, पैसे चुकते झाले. आणि कसारा घाट एसी लावून चढताना गाडी स्टॉकपेक्षाही मंद पडली. गाडी कुणाची जुनी कॉम्प्रेसर मर्सिडीज असते, कुणाची ३.० टीएफएसआय ऑडी. ट्यूनर पेट्रोलला दोष देतो, मालक फाईलला. दोघांनीही पाहायला हवं ते इनटेक हवेच्या तापमानाकडे. सुपरचार्जरची ताकद टिकाऊ आहे की नाही, हे आठ-दहा सेकंदांच्या एका पुलवर, बॉनेट उघडं आणि समोर पंखा असताना कळत नाही. वीस मिनिटं सलग लोड घेतल्यावर किती टायमिंग शिल्लक राहतं, यावर ते कळतं.

पुली लहान केली की ब्लोअरचे फेरे वाढतात, पण हवा त्या प्रमाणात वाढत नाही. उष्णता मात्र प्रमाणाबाहेर वाढते. ब्लोअर फिरवायला क्रँकमधून जाणारी ताकदही वाढते. ३.० टीएफएसआयमध्ये चार्ज कूलर ब्लोअरच्या पोटातच बसवलेले आहेत आणि त्यांचं पाणी वेगळ्या रेडिएटरमधून फिरतं. ते पाणी एकदा तापलं की घाट संपेपर्यंत निवत नाही. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असतो. टर्बोची गाडी बूस्टचं टार्गेट गाठायला टर्बाइन जास्त फिरवून ही तूट भरून काढते. बेल्टवरच्या ब्लोअरचं गुणोत्तर बांधलेलं असल्याने त्याला ते जमत नाही. म्हणून ही तूट पुलीने भरून काढायचा मोह आपल्याकडे जास्त होतो, आणि ब्लोअर मे महिन्यात आपल्या मर्यादेला जाऊन भिडतो.

हे सगळं लॉगमध्ये स्वच्छ दिसतं. तिसऱ्या गिअरमध्ये लागोपाठ चार पुल घ्या. पहिल्याला इनटेक हवा ४५ अंश आणि चौथ्याला ७० अंश असेल, एखाद-दोन सिलिंडरचं टायमिंग ईसीयूने चार-पाच अंश मागे घेतलं असेल, रेल प्रेशर मागितलेल्या आकड्याखाली घसरत असेल, तर डायनोच्या कागदावरचा आकडा त्या गाडीचा नाहीच. तो फक्त पहिल्या पुलचा आहे. ई-२० आल्यापासून रेल प्रेशरची ओळ अधिकच महत्त्वाची झाली आहे. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन गुणोत्तर १४.७, ई-२०चं साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. ई-२०चा ऑक्टेन चांगला आहे, नॉकिंग रोखायला तो मदतच करतो. पण जुन्या पेट्रोलवर लिहिलेली फाईल आणि आधीच काठावर आलेला पंप यांना त्याचा उपयोग नाही. तरीही काही गॅरेजं आजसुद्धा तीच विकत आणलेली फाईल लॅपटॉपवरून दहा मिनिटांत टाकून गाडी बाहेर काढतात. हे बंद झालं पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर असं, की कंपनीच भरपूर मार्जिन ठेवते. आपल्या नाशिकच्या प्लांटमधून निघणाऱ्या थारचं दोन लिटर एमस्टॅलियन १५० पीएस देतं आणि त्याच कुटुंबातलं इंजिन एक्सयूव्ही ७०० मध्ये २०० पीएस. मग थारला २०० का नकोत? कारण ते २०० पीएस एका ब्लॉकचे नाहीत. टर्बो, कूलिंग, गिअरबॉक्स, ब्रेक असं सगळं मिळून तो आकडा ठरतो. थारच्या मागे ट्रान्सफर केस आहे आणि ती चिखलात कमी वेगाने, जास्त लोडवर चालते. फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआयचा टॉर्क २५० एनएम आणि त्यामागच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादाही २५० एनएम. तिथे मार्जिन कुठे आहे? जिथे आहे, तिथे ते खराब पेट्रोलसाठी, मे महिन्यासाठी आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकासाठी ठेवलेलं आहे. त्यातलं थोडं घेता येतं. सगळं घेणाऱ्याने पुढच्या बिलाची जबाबदारीही घ्यावी.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो रास्त आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेऊ देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १८२-अ प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगतं. पण तपासणी काय होते? पीयूसीवाला आयडलिंगला आणि साधारण २५०० आरपीएमला, तेही लोड न देता, गॅस मोजतो. फुल लोडला लीन जाऊन पिस्टन वितळवणारी गाडी त्यात पास होते, आणि महिनाभर लॉग घेऊन नेमस्त ट्यून केलेल्या गाडीला स्वतःचा नेमस्तपणा सिद्ध करायला खिडकीच नाही. कायद्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. सीएनजी किटला टाइप अप्रूव्हल मिळतं, पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था ते तपासते, आरसीवर नोंद होते. इलेक्ट्रिक रेट्रोफिटलाही एआयएस-१२३ आहे. इंजिनऐवजी मोटर बसवायला जो रस्ता आहे, तो पंधरा टक्के ताकद वाढवायला नसावा, याचं तांत्रिक कारण रस्ते वाहतूक मंत्रालयाने सांगावं.

मात्र तो रस्ता मागायला जाताना आपल्या हातात काय आहे? डायनोचे रंगीत कागद चालणार नाहीत. म्हणून सर्व ट्यूनर मंडळींना विनंती: फाईल टाकण्याआधीचा आणि नंतरचा, तापल्या गाडीचा लॉग ग्राहकाला लेखी द्या, कोणत्या पेट्रोलवर, किती तापमानाला, हे त्यावर लिहा, चौथ्या पुलला जो आकडा टिकेल तोच बिलावर टाका. लॉगचे पैसे ग्राहक देत नाही, ही सबब आम्हाला मान्य नाही. ते ट्यूनिंगच्या दरातच धरा. आणि मालकांनो, लॉग मिळाल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.