ताण उतरायला वेळ कुठे आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांबाबतच्या कायद्यांतील बदलांना मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास, तर वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या दुकाने आणि आस्थापनांत ९ वरून १० तास करण्याचा हा निर्णय. त्याआधी नारायण मूर्ती यांनी आठवड्याला ७० तासांच्या कामाचा सल्ला दिला होता आणि एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची भाषा केली होती. त्यावर उत्पादकता, गुंतवणूक, ओव्हरटाइम असा सगळा हिशेब झाला. शरीराचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही.

ताण हा मुळात शत्रू नव्हे. सुटणारी लोकल पकडताना अॅड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, कॉर्टिसॉलमुळे रक्तात साखर येते आणि पायांना बळ मिळते. गाडीत जागा मिळाली की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. ताण चढणे आणि उतरणे, दोन्ही मिळून ही व्यवस्था पूर्ण होते. बिघाड होतो तो ताण उतरायला वेळच न मिळाल्याने. मग रक्तदाब चढाच राहतो, झोप पातळ होते, पोट बिघडते, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये याचा अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी जोडलेले जगभरातील मृत्यू सुमारे ७ लाख ४५ हजार होते.

आता घरचे गणित करून पाहू. बदलापूर किंवा विरारहून मुंबईत कामाला येणाऱ्याचे जाण्यायेण्यात तीन तास गेले असे धरू. नऊ तासांची ड्युटी, सात तासांची झोप धरली तर दिवसातले पाच तास उरतात. ड्युटी बारा तासांची झाली की उरतात दोन. त्यातच अंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे. स्त्रियांच्या वाट्याला तेवढेही येत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. मग कात्री लागते ती झोपेला.

म्हणून ताण कमी करण्याचे उपाय निवडताना एकच कसोटी लावावी : याने शरीराला उसंत मिळते का? त्यासाठी महागडे शिबिर किंवा अॅप लागत नाही.

पहिला उपाय श्वासाचा. मिनिटाला साधारण सहा श्वास, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. संथ श्वासाने ठोके मंदावणारी मज्जासंस्था जागी होते. पाच मिनिटे पुरतात, तीही लोकलमध्ये उभ्याने जमतात. दुसरा, चालणे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम असावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बसचा एक थांबा आधी उतरणे, जेवणानंतर दहा मिनिटे पाय मोकळे करणे, असे तुकडे जोडूनही ती भरते.

तिसरा, झोप. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ शक्यतो एकच ठेवावी. चहा-कॉफीतले निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळचा शेवटचा कप लवकर घ्यावा. पाळीत काम करणाऱ्यांनी दिवसा झोपताना खोली अंधारी ठेवावी. चौथा, काम मिटवणे. अर्धवट कामे डोक्यात घोळत राहतात. निघण्यापूर्वी उद्याची तीन कामे कागदावर लिहिली तर घरी येताना ती डोक्यात आणावी लागत नाहीत. पाचवा, बोलणे. ओट्यावर, कट्ट्यावर किंवा फोनवर रोज एका माणसाशी मोकळेपणाने बोलणे हाही उपचारच आहे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते. छातीत दुखू लागले तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पण हे सारे उपाय उरलेल्या वेळातच करायचे आहेत. तो वेळच नसेल तर ‘रोज प्राणायाम करा’ हा सल्ला दमलेल्या माणसावर आणखी एक काम टाकतो. फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामाचे तास संपल्यावर कार्यालयाशी संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी अशा हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले आहे. कायदा होईपर्यंतही काही गोष्टी मालक आणि साहेबांच्या हातात आहेत. पाळीचे वेळापत्रक आधी सांगणे, विश्रांतीची सुट्टी खरोखर देणे, रात्री दहाचा मेसेज सकाळवर ढकलणे, यांना खर्च येत नाही. जादा कामासाठी संमती घेताना, ती नाकारणाऱ्याची नोकरी धोक्यात येणार नाही हे पाहणे तर त्याहून महत्त्वाचे.

आज रात्री आपला कालचा दिवस तासातासाने कागदावर मांडून पाहा. काम, प्रवास आणि घरकाम वजा केल्यावर किती उरते, ते कळेल. उत्तर दोन तासांच्या आत आले, तर दोष मनाच्या कमकुवतपणात शोधू नका. त्या कागदावरून आधी घरात कामाची वाटणी करा आणि मग साहेबांशी बोला.