वैशाखऱ्याच्या मुलांसाठी छोटा निधी

माळशेज घाटाच्या अलीकडे, कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे लागतं. या भागातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली अनेक मुलं कुटुंबात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोचतात. पुढचं कोणी सांगायचं?

राज्याने 2016 मध्ये दहावीसाठी कल चाचणी आणली, 2020 मध्ये युनिसेफच्या साथीने महाकरिअर पोर्टल. दोन्ही पावलं चांगली; पण पडद्यावरची यादी वाचून आश्रमशाळेतली मुलगी फिजिओथेरपीला जात नाही. त्यासाठी ओळखीचं माणूस लागतं.

ते जमतं, हे ठाण्याच्या विद्यादान सहायक मंडळाने दाखवलंय. 2008 पासून हे मंडळ शहापूरसारख्या भागातल्या गरजू मुलांना शिक्षणासाठी पैसे देतं आणि सोबत पाठीशी उभा राहणारा कार्यकर्ताही. ही जोडीच महत्त्वाची.

मग जिल्हा नियोजन समितीने किंवा मुरबाड एमआयडीसीतल्या कारखान्यांनी त्यांच्या सीएसआरमधून एकेका शाळेला वर्षाला 50,000 रुपये का देऊ नयेत? धडपड्या शिक्षकाला ते पुरतील: मुलांना कारखाना, रुग्णालय, आयटीआय दाखवायला, गावातून शिकून गेलेल्यांना बोलवायला, प्रवेशअर्जांच्या दिवसांत पालकांसोबत बसायला. हिशेब एका पानाचा असावा. आणि एखादा प्रयोग फसला, तरी पुढचा हप्ता अडवू नये.