लोकांच्या हवाली झालेले स्मारक

वर्षाचे चक्र फिरत २५ ऑक्टोबरपाशी येते, तेव्हा तैपेईच्या झोंगशान सभागृहाचे स्मरण होते. १९४५ साली याच दिवशी, याच वास्तूत, जपानचे गव्हर्नर-जनरल रिकिची आंदो यांनी चीन सरकारचे प्रतिनिधी चेन यी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि तैवानवरचा पन्नास वर्षांचा जपानी अंमल संपला. ज्या सम्राट हिरोहितोंच्या नावाने तो अखेरच्या काळात चालला, त्यांच्याच राज्यारोहणाचे स्मारक म्हणून हे सभागृह १९३६ साली बांधून पुरे झाले होते. काळाचा हा न्याय विलक्षणच म्हणायचा.

नव्या राज्यकर्त्यांनी वास्तू पाडली नाही. तिला चिनी नेते सन यत्-सेन यांचे ‘झोंगशान’ हे नाव दिले आणि ती वापरात ठेवली. आज तिथे संगीताच्या मैफली होतात, चित्रपट महोत्सव भरतात. पण आपले मन गुंतते ते आतल्या भिंतीवरच्या प्लास्टरच्या भव्य उठावशिल्पात. केळीच्या झाडांपुढे म्हशी संथ उभ्या आहेत आणि उघडी पोरे त्यांच्याशी लडिवाळपणे बिलगली आहेत. हुआंग तू-शुई या तैवानी शिल्पकाराचे हे अखेरचे मोठे काम. १९३० साली, पस्तिशीतच ते गेले. सम्राटाच्या गौरवासाठी उभारलेल्या घरात तैवानच्या शेतकऱ्याची गुरे अशी कायमची वस्तीला आली.

मात्र विजयाची तारीख स्मरताना दुसरी तारीख विसरणे आपल्याला शोभणार नाही. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी नव्या सरकारविरुद्ध असंतोष उसळला, तेव्हा तोडगा काढण्यासाठी नेमलेली समिती याच छपराखाली बसली, सुधारणांच्या मागण्या तिने इथेच मांडल्या. उत्तरादाखल चीनच्या मुख्य भूमीवरून सैन्य आले आणि हजारो माणसे मारली गेली. तेव्हा सत्तेवर होते तेच चेन यी, ज्यांनी इथे शरणागती स्वीकारली होती.

दिवाळीच्या सुमारास आपण घराचे कोनाडे झाडून नव्याला जागा करतो. सार्वजनिक वास्तूचे नूतनीकरण याहून अवघड असते. तिथे भिंती उजळायच्या, पण आठवणी पुसायच्या नसतात. २५ ऑक्टोबरची सार्वजनिक सुट्टी तैवानात २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहे. तैपेईला जाणे झालेच, तर हे सभागृह पाहावे, त्या म्हशींपुढे जरा थांबावे आणि सोबतच्या मुलांना या वास्तूच्या दोन्ही तारखा सांगाव्यात.